आधी नळी, मग नळ

मामाजी, तुमचं स्टूल मी अजून बाथरूमच्या दारातून हलवलेलं नाही. यांनी दोनदा उचलून बाल्कनीत ठेवलं, मी दोनदा परत आणलं. बादली घेऊन आत जाताना माझा पाय त्याला रोज लागतो, रोज मी चिडते, आणि चिडून झाल्यावर लक्षात येतं की ज्यांच्यावर चिडायचं ते स्टुलावर नाहीत. तेरवीपर्यंत मी रडले नाही. ब्लॉकमधल्या बायकांनी ते बरोबर हेरून ठेवलं असणार. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाचच्या पाण्याला नळ सुटला आणि "सुषमा, पानी आलं" असं कोणी म्हटलं नाही, तेव्हा रडले. त्या नादात पिंप अर्धंच भरलं.

एकवीस वर्षांपूर्वी गोंदियाहून तुमची सून होऊन प्लांटच्या या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा पहिल्याच सकाळी तुम्ही मला पाण्याची वेळ सांगितली होती. नाव विचारायच्या आधी. सकाळी साडेपाच ते सात, संध्याकाळी पाच ते सहा. त्यानंतर माझं उठणं, आंघोळ, माहेरी जाणं, आजारी पडणंसुद्धा त्या दोन वेळांच्या मधल्या जागेत बसवावं लागलं. तुम्ही रिटायर झालात आणि ते स्टूल बाथरूमच्या दारात आलं. नळ माझ्या हाती आणि लक्ष तुमचं. "भांडं तिरपं धर." "धार बारीक झाली, खालच्या लोकायनं नळ सोडला वाटते." मी पाठमोरीच हो हो म्हणायचे. कधीकधी मुद्दाम भांडं सरळ धरायचे.

आणि तुमची ती मशीन. प्लांटमध्ये तुम्ही आणि खालचे हटवार काका, दोघं पॉवर हाउसला इजेक्टरवर होतात. तिथे वाफ जोरात धावते आणि धावता धावता हवा ओढून नेते, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही सांगेन. "जे तिथं वाफेनं होते ते घरी पान्यानं होते," असं म्हणून तुम्ही पितळेचा एक तीन तोंडांचा जोड आणलात. एका तोंडाला नळ, आत बारीक भोकाची तोटी. समोरच्या तोंडाला एक नळी, ती बादलीत. बाजूच्या तोंडाला दुसरी नळी, ती घाणीत. नळ पूर्ण सोडला की पाणी त्या बारीक भोकातून सुसाट निघायचं आणि बाजूच्या नळीतून घाण आपोआप ओढली जायची. कूलरच्या टाकीतला गाळ, पिंपाच्या तळाची माती, बेसिनच्या जाळीतले केस. खिडकीच्या पट्टीत बसलेली ती लालसर धूळ, जी झाडूनं नुसती इकडची तिकडे होते, तीही ओली करून नळी फिरवली की साफ. वीज नाही, आवाज नाही, वाकून घासणं नाही. खरं सांगते, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळी वाजवणार होते. तुमच्याकडे बघितलं आणि राहू दिलं. तुम्ही आधीच फार खूश होतात.

पुलियावर, नाल्यावरच्या त्या लहान पुलाच्या कठड्यावर, सकाळी जी रिटायर मंडळी बसायची, त्यांत तुम्ही सांगून ठेवलं होतं की ती मशीन तुमच्याशिवाय कोणाला चालवता येत नाही. हटवार काकांनी हात लावलेलाही तुम्हाला खपायचा नाही. आणि घरात? गुडघे गेले, हात थरथरायला लागले, तेव्हापासून मशीन मीच चालवत होते. तुम्ही स्टुलावर. नळाला जोड कसा बसवायचा, सुतळी किती वेळा गुंडाळायची, नळीच्या तोंडावर बोट धरून ओढ कशी तपासायची, सगळं तुम्ही मला शिकवलं. बोट आत ओढलं गेलं की "लागली" म्हणायचं. खाली जाऊन मात्र, "आज मी कूलर साफ केला." मला हसू यायचं. एवढी एकच ड्यूटी तुमच्याकडे उरली होती, ती काढून घेऊन मी काय करणार होते?

एक नियम मात्र तुम्ही माझ्या डोक्यात ठोकून बसवला होता. "पहिले नळी भायेर काढ, मंग नळ बंद कर. उलटं केलं तं घान लाइनीत जाईन." उन्हाळ्यात पाणी मोरीत सोडणं तुमच्या जिवावर यायचं, म्हणून दुसरी नळीही बादलीत बुडवलेली असायची. ती बादली मग खालच्या पपईला. म्हणजे दोन्ही टोकं पाण्याखाली. अशा वेळी नळाचं पाणी गेलं आणि खाली कोणी टुल्लू पंप लावून लाइन ओढली, तर आपल्याकडची घाण त्यांच्या भांड्यात. हे मला समजत होतं. मी बी.एस्सी. आहे, मामाजी. माहेरी एक वर्ष शाळेत शिकवलंय.

आपलं भांडण तिथेच तर होतं. दुर्गला मोहन नगरात एका शाळेत गणित-विज्ञानाच्या बाई हव्या होत्या. मी विषय काढला तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही कधीच ओरडत नव्हता, तेच वाईट होतं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. तुम्ही म्हणालात, "जाय ना. सकाळचं पानी कोन भरीन तेवढं सांगून जाय." हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, बाबा बरोबर बोलतात. शाळेची बस साडेसहाला निघायची आणि नळ सातला जायचा. अर्ध्या तासानं माझं आयुष्य अडवून धरलं होतं आणि त्यावर हसावं की रडावं तेही कळत नव्हतं. तरी मी अर्ज केला, घरात कोणाला न सांगता.

तो मार्च. तीन वर्षं झाली. हे दुपारच्या 'बी' शिफ्टला, तुम्ही कूलरसाठी वाळा आणायला गेलेले. संध्याकाळच्या पाण्याला मी कूलर ओढून बाथरूमच्या दाराशी आणला, जोड बसवला, बोट धरून पाहिलं, लागली. गाळ निघायला लागला आणि फोन वाजला. शाळेचा. खालच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बाल्कनीचं दार लावून बोलत राहिले. त्यांनी मुलाखतीला बोलावलं होतं, पगाराचं विचारलं, मी किती वर्षांनी कोणाशी अशी बोलत होते कोण जाणे. परत आले तेव्हा नळ गप्प. पाणी गेलेलं. नळी टाकीतच. भरलेली बादली अर्ध्यावर उतरलेली आणि कूलरची टाकी जवळजवळ रिकामी. मूर्खासारखी मी खूश झाले, की बघा, मशीननं काम आटपलं.

तुम्ही वाळा घेऊन आलात, बादलीकडे पाहिलंत, टाकीकडे पाहिलंत. "नळ चालू राहिला होता का?" मी म्हटलं, नाही, बंद केला होता. फोन अजून माझ्या हातात होता. "कोनाचा फोन?" मी म्हटलं, माहेरून. एका मिनिटात दोनदा खोटं. तुम्ही वाळा खाली ठेवला आणि हात धुवायला गेलात.

दुसऱ्या दिवशी खालच्या हटवार काकांच्या नातीला, वैशालीला उलट्या-जुलाब सुरू झाले, मग हटवार काकूंना. डॉक्टर म्हणाले, पाणी. वैशाली सलाइनवर होती आणि तिचा बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर त्याच दिवशी झाला. संध्याकाळी हटवार काका हंडा घेऊन वर आले. हंडा उंबऱ्यावर ठेवला. त्यात आपल्या कूलरमधल्या जुन्या वाळ्याच्या काड्या तरंगत होत्या. माझे हात कणकेत.

"इजेक्टर कोनं चालवलं?" काकांनी विचारलं.

"कोन चालवते?" तुम्ही स्टुलावरून म्हणालात. "मीच."

मी तोंड उघडायला हवं होतं. कणीक मळत उभी राहिले. काका म्हणाले, "तीस वर्सं इजेक्टरवर काढले नारायन तुनं. नवा आलेला पोरगाबी असी चूक करत नाही." मारलं असतं तर कमी लागलं असतं तुम्हाला. तुमच्याकडे पैसा नव्हता, जमीन भावांनी ठेवली होती. होतं ते एवढंच, की नारायण आपल्या कामात चुकत नाही. ते तुम्ही माझ्यासाठी एका शब्दात देऊन टाकलंत आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत.

वैशालीचं वर्ष गेलं. पुलियावर तुमचं नाव पडलं, उलटा पंप. कोणीतरी ते तुमच्या तोंडावरच म्हटलं, त्यानंतर तुम्ही पुलियावर गेला नाहीत. मशीन तुम्ही प्लांटच्या जुन्या खाकी कोटात गुंडाळून ट्रंकेत टाकली. शाळेला मी त्याच आठवड्यात नाही कळवलं. कोणत्या तोंडानं गेले असते? आणि मग आपण दोघं. हे ड्यूटीवर, तुम्ही दिवसभर घरात, मी दिवसभर घरात, दोन खोल्या. तुम्ही बाहेर जात नव्हता माझ्यामुळे आणि मी बाहेर जात नव्हते तुमच्यामुळे. कूलर मी मगानं उपसायचे, फडक्यानं पुसायचे, तुम्ही बघायचात, मशीनचं नाव दोघंही काढत नव्हतो. त्या दिवसानंतर मी तुमच्याशी कशावरूनही भांडू शकले नाही. भाजीत मीठ कमी म्हणालात तर मीठ घातलं. तुम्हाला कळलं होतं का, की तुम्ही मला काय करून ठेवलंय?

हेच मला तुम्हाला विचारायचं होतं. रोज सकाळी, दीड तास, तुम्ही हातभर अंतरावर बसलेले असायचात. मला वाचवायला म्हणून तुम्ही ते अंगावर घेतलंत, की मी कुठे जाऊ नये म्हणून? कधी वाटायचं, देवमाणूस आहे. कधी वाटायचं, यांनी फोन कोणाचा होता ते ओळखलं होतं आणि एका दगडात दोन पक्षी मारले. मग माझीच मला लाज वाटायची. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "भांडं तिरपं धर."

तुम्ही गेलात त्या सकाळी हटवार काका वर आले नाहीत. खाली स्कूटरांपाशी उभे होते, चपला काढून. मुक्तिधामच्या स्मशानापर्यंत मागे मागे चालले. तेरवीलाही खाली मांडवातच जेवले. आमच्या जिन्याची पायरी ते चढले नाहीत. वाढताना मी त्यांच्या पानाशी थांबले, तर कोणीतरी तुमचीच गोष्ट काढली, उलट्या पंपाची. लोक हसले. प्रेमानं हसले, मामाजी, गेलेल्या माणसाची गंमत सांगतात तसे. मी हातात बुंदीचं भांडं घेऊन उभी. त्याच क्षणी ठरवलं, आता पुरे.

दोन दिवसांनी खाली गेले. काकू भाजीला गेल्या होत्या, काका पेपर वाचत होते. बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, मशीन मी चालवत होते, फोन आला, नळी टाकीत राहिली, मामाजींचा संबंध नव्हता. काका चष्मा काढून ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले आणि माझा जीव भांड्यात पडला. मग ते म्हणाले, "गेलेल्या मानसाची चूक आपल्या आंगावर घेऊ नको, सूनबाई. म्या माफ केलं त्याले. अग्नी देला त्याच दिवसी केलं."

मी म्हटलं, काका, खरंच मी. ते म्हणाले, त्या मशीनला नारायण मला हात लावू देत नव्हता, तुला देईल? आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, अशी सून नशिबानं मिळते.

मी वर आले आणि बाथरूमचं दार लावून बसले. बघा ना काय झालं ते. तुम्ही खोटं इतकं चोख बसवून गेलात, आणि पुलियावरची तुमची बढाई त्याला अशी जुळली, की माझं खरं आत शिरायला जागाच नाही. माफी मिळाली ती तुम्हाला, जिची तुम्हाला गरज नव्हती. मला मिळाली शाबासकी. मला तुमचा इतका राग आला की मी स्टुलाला लाथ मारली. मग उचलून परत जागेवर ठेवलं.

परवा कूलर काढायची वेळ झाली. मी ट्रंक उघडली, खाकी कोट सोडला. साडेचारला खाली जाऊन काकांना म्हटलं, पाच मिनिटं वर या. ते नको म्हणत होते. मी म्हटलं, मामाजींची मशीन आहे, बघून जा. मशीन म्हटल्यावर ते उठले. तीन वर्षांनी आपल्या जिन्यावर, कठड्याला धरून. बसायला दुसरं काही नव्हतं, तुमच्या स्टुलावर बसले.

पाचला नळ सुटला. मी पुढे झाले. सुतळी गुंडाळली, जोड फिरवला, अर्धा आटा मागे घेतला, कारण त्याशिवाय तो गळतो आणि ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत. एक नळी बादलीत. दुसरीच्या तोंडावर बोट धरलं. बोट ओढलं गेलं आणि तोंडातून निघून गेलं, "लागली." नळी गाळात घातली. माती, वाळ्याच्या काड्या, मेलेले डास, सगळं त्या पारदर्शक नळीतून धावत जायला लागलं. तीन वर्षं हातात धरलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. काका गाळाकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते.

टाकी साफ झाली. आधी नळी बाहेर काढली. मग नळ बंद केला.

काकांनी हात पुढे केला, मी जोड काढून दिला. त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला. नळाकडच्या तोंडाला एक पितळेची गुंडी होती, मी बसवताना पाहिली होती, पण इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही म्हणून सोडून दिली होती. "हे नॉन-रिटर्न आहे," काका म्हणाले. "पानी उलटं जाऊ देत नाही. हे कधी लावलं त्यानं?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पूर्वी नव्हतं वाटतं. त्यांनी अंगठ्यानं पुसलं. नवंकोरं होतं. म्हणजे ते सगळं झाल्यावर तुम्ही कधीतरी, थरथरत्या हातांनी, मी पाणी भरत असताना किंवा झोपले असताना, ते बसवलंत आणि पुन्हा कोटात गुंडाळून ठेवलंत. चालवणार तर नव्हता. मग तुम्हाला खरंच चूक तुमची वाटत होती का? माणसानं विसरून चालणार नाही अशी मशीन बनवली, ही तुमची चूक? मला वाटतं, असेल. तुम्ही तसेच होतात. हेही मी विचारलं नाही.

काकांनी जोड परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "तो म्हनला नाही मले." थोडं थांबून, "मीबी विचारलं नाही."

मी चहा ठेवायला उठले तर त्यांनी हातानं थांबवलं. "हे आता काकूले सांगू नको. वैशालीलेबी नको. म्या माफ केलं म्हनून पुऱ्या ब्लॉकले सांगून बसलो. आता कोन्या तोंडानं सांगू, का माफ करन्यासारखं काही नव्हतंच?" त्यांनी जिन्याकडे हात केला. "तीन वर्सं मी जिन्याखालून गेलो त्याच्या. रोज. खोकताना आयकू यायचा."

मी हो म्हटलं. एक खोटं सोडवायला निघाले होते, त्याच्या जागी हे दुसरं घेऊन बसले, आणि याचा राखणदार आता मी एकटी नाही. यांनाही सांगायचं नाही. ब्लॉकमध्ये तुम्ही उलटा पंपच राहणार, मामाजी. तुमचं नाव मी परत आणू शकले नाही. एका माणसापुरतं आणलं, आणि त्याचंही त्यात काही भलं झालं नाही.

काल सकाळी साडेपाचला दार वाजलं. काका होते, पायात चपलाही नव्हत्या. सरळ आत आले आणि तुमच्या स्टुलावर बसले. मी नळाखाली भांडं धरलं. आज परत आले. खाली काकूंना वाटतं, मित्राच्या घरी जाऊन बसतात, दुःख हलकं होतं. शाळेनं यंदा पुन्हा जाहिरात दिली आहे, मी पाहिली. साडेसहाची बस अजून साडेसहालाच आहे. उद्या काकांना म्हणावं का, की सातपर्यंत नळ तुम्ही बघता का, असं आज दोनदा जिभेवर आलं. म्हटलं नाही.

पाणी बारीक होत गेलं आणि बंद व्हायची वेळ आली, तसं काका स्टुलावरून पुढे वाकले आणि नळाकडे बघत राहिले. मशीन लावलेलीच नव्हती. तरी मीही बघितलं, की नळी कुठे बुडून तर राहिली नाही ना.